माही हरकत नाई
गावाची रीत अशी, की एकाचीही हरकत असली तर ग्रामसभेत ठराव होत नाही. आज सोमारी ठराव मांडायला उभी राहिली, तेव्हा नशाबंदीच्या गस्तीची शिट्टी गळ्यात होतीच. आपल्या लेकासारख्या मिरगीच्या रोग्यांना गांजापासून केलेलं औषध सरकारी दवाखान्यात मिळावं, हे तिचं मागणं. सगळ्यांच्या नजरा पत्रूभाऊकडे वळल्या. मागच्या वर्षी ठराव करून तिनेच त्याच्या घरामागच्या सांदवाडीतलं गांजाचं झाड उपटलं होतं. त्याचाच पाला वाटून बायकोच्या कॅन्सरच्या कळा तो कशाबशा थोपवत होता. पुढे बायको कण्हत कण्हतच गेली. “माही हरकत नाई,” पत्रूभाऊ बसल्याजागीच म्हणाला. “मागच्या ठरावाले घेतली असती, पन त्या दिवशी मी बायकोले घेऊन नागपूरले गेलो होतो.” सोमारीने शिट्टी मुठीत झाकून घेतली. तो गावात नसणार हे बघूनच तिने ती सभा बोलावली होती.