अळणी

गिरिधरने ग्लासात बोट बुडवलं, दोन थेंब जमिनीवर शिंपडले आणि ग्लास शालिकरामपुढे सरकवला. गिरिधरचा पुतण्या जहाजावर नोकरीला होता. त्याने थेट जमैकाहून आणलेली रम, बारा वर्षं लाकडी पिंपात मुरलेली.

"पाणी टाकू नको, भाऊ. जिभेवर धर अन् थांब."

शालिकराम कोळशाच्या इंजिनाचा ड्रायव्हर होता आणि गिरिधर त्याचा, भट्टीत कोळसा टाकणारा, फायरमन. उभा जन्म शालिकरामने गालात तंबाखू धरली, आणि आता धंतोलीच्या दवाखान्यात जबड्याच्या कॅन्सरवर विजेचे शेक घेऊन घरी बसला होता. जीव वाचला, चव गेली. येईल, असं डॉक्टर म्हणाले. येईलच असं मात्र म्हणाले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक घास मातीचा. भाजी कशी झाली, असं जयवंता विचारायची आणि तो 'मस्त' म्हणायचा. दवाखान्याचे खेटे घालून बायको आधीच अर्धी झाली होती, तिला आणखी काय सांगायचं? पण रोज खोटं बोलूनही माणूस थकतोच.

त्याने घोट घेतला. आधी नुसती आग. इथेही माती निघाली तर संपलंच, असं मनात आलं. मग आगीच्या मागून हळूच गूळ आला. कढईला खाली लागलेला, जरा कडवट. त्याच्यामागे जुन्या लाकडाचा वास. घोट गिळायचं त्याच्या जिवावर आलं. आनंदात त्याला भान राहिलं नाही.

"जयवंता, इकडं ये वं. दोन महिन्यांत पहिल्यांदा चव लागून राहिली मले."

बोलून गेला आणि चपापला. जयवंता दारातच उभी होती. या घरात तिने कधी दारूचा थेंब येऊ दिला नव्हता. आज गिरिधरला काही बोलली नव्हती.

"मले माहीत हाय," ती खाली बसत म्हणाली. "एक दिवस वांग्यात मीठ टाकाचं राहिलं, तरी तुमी मस्त म्हनलं. तवापासून टाकतच नाही. झोंबते तुमच्या तोंडाले."

"अन् तू काय खाते?"

"मी बी तेच खातो," जयवंता म्हणाली.

तिने त्याच्या ग्लासात बोट बुडवलं. थेंब शिंपडले नाहीत, बोट जिभेला लावलं.

"जळक्या गुळावानी लागते," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "मंग, उद्यापासून मीठ टाकू का?"