काशाची वाटी

"वाटी घराबाहेर जायाची नाय," चंद्रावती उंबऱ्यातूनच म्हणाली. "गुडघा घेऊन तूच येत जा, गो हौसे."

हौसाला तिथूनच परतावंसं वाटलं. गुडघ्याचं मत वेगळं होतं.

निडी गावातलं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. पेणच्या खाडीकाठच्या या गावातून धवलारीण म्हणून, म्हणजे धवले गात लग्नाचे विधी पार पाडायला, हौसालाच बोलावणं यायचं. धवलारीण बसते ती भुईवर, खुर्चीवर नाही. नवरीच्या आईनं स्पष्टच विचारलं होतं, "खाली बसाया जमंल ना? नायतर चंद्रावतीला सांगते."

चंद्रावतीला बसायला जमत होतं, धवले मात्र निम्मेच येत होते. हौसाला बत्तीस येत. त्यातले सोळा तिला सासूनं दिले होते आणि ते कुणाला द्यायचे नाहीत हे तिनं ठरवून टाकलं होतं. मांडवातसुद्धा ते सोळा ती इतके भरभर, तोंडातल्या तोंडात म्हणायची, की देवाला कळले तरी पुष्कळ.

एसटीची पायरी चढवेना म्हणून हौसा घरी राहिली आणि तिचा गुडघा दाखवायला नवरा, कान्हू, एकटाच रोह्याला जाऊन आला. डॉक्टर सुहासिनीबाईंनी त्यालाच उलटसुलट विचारलं. सूज नाही, मार नाही, वय मात्र आहे. मग म्हणाल्या, "पाय सरळ सोडून बसायचं, कोमट तेल लावायचं आणि वाटी हलक्या हातानं फिरवायची. दहा वेळा उजवीकडून, दहा वेळा डावीकडून. रोज दोनदा." कान्हूनं परतीच्या वाटेवर घोकून घोकून शब्दन्‌शब्द घरी आणला.

आता फिरवायची म्हणजे तळपाय घासायची काशाची वाटी, हे शेंबडं पोरही सांगेल. ती गावात एकच उरली होती, चंद्रावतीकडे. शिवाय मागच्या साली चंद्रावतीचाही गुडघा धरला होता आणि दोन महिन्यांत सुटला होता. वाटीनंच, असं सगळे म्हणत. ती नाही म्हणत नसे.

दुसऱ्या सकाळी हौसा भिंत धरत धरत पोचली. वाटी चुलीजवळ तापत होती.

"ती तापंपरयंत हात जोडून बसू नको," चंद्रावती म्हणाली. "तेल लाव. गुडघ्याच्या हाडाला दोन्ही बाजूनं अंगठं लाव. जोर नको. गोल फिरव. दहा डावं, दहा उजवं."

हौसा सहापर्यंत नीट गेली. सहानंतर तिचं नेहमीच चुकायचं.

"मंग मोजू नको. एक धवला झाला की दहा झालं धर. सावकाश म्हण, घाईनं हाड दुखंल. आनि तोच तोच नको म्हणू, घोटाळा व्हईल."

सकाळी दोन धवले, संध्याकाळी दोन. मग वाटी दोनचार वेळा गुडघ्यावरून फिरे आणि चंद्रावती चहा टाकी. तिसऱ्या दिवशी हौसानं भिंत सोडली. सहाव्या दिवशी ती चंद्रावतीला मनापासून चांगलं म्हणाली, हे कान्हूनं स्वतः ऐकलं.

निडीच्या मांडवात हौसा मांडी घालून बसली. गुडघा कुरकुरला नाही. साथीला म्हणून तिनंच हट्टानं आणलेली चंद्रावती शेजारी बसली. सतरावा धवला आला तशी हौसा पुटपुटू लागली. शेजारून तोच धवला खणखणीत, मांडवाच्या टोकापर्यंत गेला. मग अठरावा. मग एकोणिसावा. नवरीची आई आता चंद्रावतीकडे बघत होती.

"हे तुला कुठनं आलं गो?" हौसानं दातांतून विचारलं.

चंद्रावतीनं लुगड्यावरूनच स्वतःच्या गुडघ्याला दोन अंगठे लावले. "रोह्याच्या बाईंनी मनापण हेच सांगितलं व्हतं. वाटी म्हंजी ही, गुडघ्याची."

"आनि ती काशाची?"

"ती तापाया येळ लागतो गो," चंद्रावती म्हणाली. "दोन धवलं तरी लागतात."