जुन्या हॉलिवूडचा चेहरा

भुवया डिंकानं चिकटवून, पावडर दाबून सूनबाईनं त्या दिसेनाशा केल्या आणि बोटभर वर दोन बारीक कमानी रेखल्या. ओठ गडद लाल केले. आरशात जुन्या हॉलिवूडची नटी अवतरली. चार वाजता नाटक कंपनीचे मॅनेजर व्हिडिओ कॉलवर हाच चेहरा पाहणार होते. पसंत पडला तर मेकअपची नोकरी, सात वर्षांनी घराबाहेर पाऊल. चारला पाच मिनिटं असताना सासूबाईंनी हाक मारली. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नसत. ती तशीच धावली. “अगंबाई, सिनेमातल्या बाई! आमच्याकडे?” त्यांनी तिचा हात घट्ट धरला. “बसा. सुनेला भेटल्याशिवाय सोडायची नाही.” “सून बाहेर गेली असेल तर?” “ती कुठं जातेय!” आतल्या खोलीत फोन वाजू लागला. सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे आवाज दिला, “सूनबाई, पाहुण्यांना चहा टाक!” “टाकते, आई,” पाहुणी म्हणाली.