काट्यावरचा फोन

"ही चिठ्ठी आपण काढू या," सल्लागार बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, गोदामातून काट्यावर फोन, वजन विचारणे.

"ती राहू द्या," गोदामातला थोरला म्हणाला.

सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता. कंपनीत नवं सॉफ्टवेअर यायचं होतं. खरेदीपासून बिलापर्यंत सगळा कारभार त्यात जाणार होता. त्याआधी बाई एकेका विभागाला समोर बसवून कामाच्या पायऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून घेत होत्या आणि बिनकामाच्या पायऱ्या भिंतीवरून उपटून टाकत होत्या. बाईंची अट एकच होती. कागदोपत्री काय ठरलंय ते सांगू नका, खरं काय होतं ते सांगा. असं म्हटलं की माणसं हटकून कागदोपत्रीच सांगतात, हे बाईंना अजून कळायचं होतं. मालाला ज्याचा म्हणून हात लागतो त्या सगळ्यांना त्यांनी बोलावलं होतं. मागच्या फाटकाचा म्हातारा पहारेकरीसुद्धा दाराशी खुर्ची टाकून, आपली पाळी येईपर्यंत पेंगत होता.

बाईंनी थोरल्याला समजावलं. ट्रक काट्यावर चढला की वजन आपोआप गोदामातल्या संगणकावर दिसेल, मग फोन हवा कशाला? थोरला म्हणाला, यंत्राचा काय भरवसा. बाईंनी भरवसा दिला. थोरला म्हणाला, तारा तुटतात. बाईंनी त्याचीही सोय सांगितली. थोरल्याकडची कारणं संपली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काट्यावरचा धाकटा बसला होता. थोरल्याचा सख्खा भाऊ. दोघांमध्ये विस्तव जात नाही हे अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं. त्यांची आई थोरल्याच्या घरी वारली. शेवटच्या दिवशी ती सारखी धाकट्याचं नाव घेत होती. धाकटा कामावर होता. सुटल्यावर कळवू, उगाच कशाला घाबरवा, म्हणून थोरल्याने फोन केला नाही. सुटेपर्यंत आई उरली नाही. त्यानंतर धाकट्याने बोलणं टाकलं, दादा म्हणणं टाकलं. समोर थोरला दिसला तर तो वाट बदलायचा.

कामापुरता फोन तेवढा राहिला होता. काटा मागच्या फाटकाशी, रस्त्यापलीकडे होता. गोदामातलं कुणी तिकडे फिरकत नसे. काट्याच्या खोलीत धाकट्याशिवाय कुणाची नेमणूक नव्हती, तेव्हा कोण बोलतंय हे विचारायचा प्रश्नच नव्हता. थोरला विचारायचा, "वजन?" पलीकडून आकडा यायचा आणि फोन आदळायचा.

मग मागच्या वर्षी कधीतरी फोन आदळेनासा झाला. जुनाट फोन, त्यात खरखर, मागे ट्रकची घरघर. तरी आकड्यानंतर नीट ऐकू आलं. "जेवलास का?"

कसंबसं हो म्हणून थोरल्याने फोन ठेवला. तेव्हापासून रोजचंच झालं. एकदा धीर करून तो म्हणाला, "चुकलं रे माझं." पलीकडून खरखरीतून आवाज आला, "असू दे. चालायचंच."

त्या दिवशी थोरला पोत्यांच्या आडोशाला जाऊन पोटभर रडला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तोंडावर बोलायला जड जात असेल भावजींना, घाई करू नका. त्याने घाई केली नाही. फोनवर मिळत होतं त्यावर तो सुखात होता.

आता तेही जाणार होतं, आणि का जाऊ नये हे चारचौघांत सांगता येत नव्हतं.

बाईंनी धाकट्याला विचारलं, तुम्हाला हवाय का हा फोन?

"मला काही गरज नाही," धाकटा म्हणाला. त्याने थोरल्याकडे पाहिलंही नाही.

थोरल्याला राग आला नाही. लोकांसमोर हा असाच ताठ वागणार, हे तो धरूनच चालला होता. उलट त्याला धाकट्याची मायाच आली.

"माझ्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या काढा," तो बाईंना म्हणाला. "हिला तेवढा हात लावू नका."

बाईंनी चष्मा काढून पुसला. भावाभावांचं काय ते त्यांच्या कानावर आलंच होतं. ठीक आहे, राहू दे, त्या म्हणाल्या. फक्त रीतीप्रमाणे फोन करणारा आणि फोन उचलणारा, दोघांनी चिठ्ठीवर सही करायची.

थोरल्याने सही केली. चिठ्ठी सरकत सरकत धाकट्यापुढे गेली. त्याने पेन उचललं नाही. बराच वेळ तो चिठ्ठीवरच्या सहीकडे बघत होता.

"खरं होतं तेच लिहायचंय ना?" त्याने बाईंना विचारलं. बाईंनी मान हलवली. तशी त्याने चिठ्ठी उचलून दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या हातात दिली आणि तो खोलीबाहेर निघून गेला.

म्हातारा दचकून जागा झाला. चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून त्याने वाचली, गुडघ्यावर ठेवून सावकाश सही केली, मग वरची सही कुणाची ते विचारलं. सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

"म्हणजे तो तू होय?" म्हातारा हसून म्हणाला. "जेवलास का?"