झाकण

माझा उजवा हात कित्येक वर्षं ठणकतोय. घरात त्यावर औषध एकच, सासूबाईंनी आणलेली तेलाची बाटली. “चोळत जा, थांबेल.” आज डॉक्टरीणबाईंनी वेगळा उपाय सांगितला: बंद पेटीत बसून दाबाखालचा ऑक्सिजन घ्यायचा. कान दुखतील, काही दिवस धूसर दिसेल, गुण येईलच असं नाही. पण कदाचित आखडलेली बोटं पुन्हा वळू लागतील. मी हो म्हणून आले. वेल्डर नवरा उसळला, “ऑक्सिजन मला शिकवू नकोस. तेलाचा थेंब लागला तरी भडका उडतो. तुझ्या अंगात वर्षानुवर्षांचं तेल मुरलंय. धोका नको.” दुखण्याची चौकशी कधी केली नाही, धोका मात्र लगेच दिसला. मी डाव्या हाताने बाटली समोर आदळली. झाकणाचं सील तसंच होतं. “ही उघडलीच नाहीस?” “उजव्या हाताने उघडेना.” “मग सांगायचंस ना.” “सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जरा जोर लाव.”