क्रान्त्झ यांचं गद्य

मंगळवारच्या खेळाआधी नाटकातले मुख्य नट क्रान्त्झनी थेल्मा गोरिनला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

विंगेत उभं राहून खेळ चालवणं हे थेल्माचं काम. पडदा, दिवे तिच्या इशाऱ्यावर हलत आणि कुणी अडलंच तर दबक्या आवाजात वाक्यही तीच देई.

"व्हिटलॉक काही म्हणाला?" क्रान्त्झनी आरशातच बघत विचारलं.

निर्माता व्हिटलॉक सकाळीच येऊन गेला होता. नाटकाच्या शेवटी क्रान्त्झ यांचा म्हातारा न्हावी दुकान बंद करण्याआधी स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो. सगळ्या खेळात गाणी आणि नाच, पण तिथे संगीताचा एक सूर नाही. क्रान्त्झ बराच वेळ गप्प बसत आणि मग म्हणत, "पुढचं कोण?" त्या दोन शब्दांवर वाद्यवृंद सुरू होई. अलीकडे हे गप्प बसणं लांबत चाललं होतं. म्हातारा विसरतोय, असं व्हिटलॉकचं मत. बुधवारी दुपारच्या खेळाला तो स्वतः विंगेत उभा राहणार होता. क्रान्त्झ अडले तर थेल्माने वाक्य द्यायचं आणि सोमवारपासून त्या जागेत व्हायोलिनं भरायची.

थेल्माने हे सगळं सांगितलं. क्रान्त्झनी मिशी नीट चिकटवली.

"गाण्यांना टाळ्या कोण देत नाही, मिस गोरिन? पण न्यूयॉर्कची हजार माणसं खोकायचं विसरतात, ते तेवढ्याच जागेला. मला वाक्य देऊ नका. काही झालं तरी."

"माझी नोकरी जाईल, मिस्टर क्रान्त्झ."

"जाईल," ते म्हणाले.

कंपनीतल्या नाचणाऱ्या मुलींना ते सरसकट 'पोरी' म्हणत, गाल ओढत, खिशातल्या गोळ्या वाटत. थेल्मा मात्र त्यांची कायम 'मिस गोरिन' होती. मुली तिला चिडवत, म्हाताऱ्याचं तू काय घोडं मारलंस गं?

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी तिच्या आईची चौकशी केली. आई पूर्वी सेकंड ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्याच जुन्या नाटक कंपनीत कपडे शिवायची.

"गुडघे दुखतात. जिना होत नाही."

"मी विचारलं म्हणून सांगा."

थेल्माने मान हलवली. निरोप ती कधीच पोचवत नसे.

बुधवारी न्यू जर्सीहून आलेल्या बायकांनी थिएटर भरलं. मांडीवर खरेदीच्या पिशव्या, पिशव्यांचा चुरचुर आवाज. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादकांनी नेहमीप्रमाणे गद्य सुरू होताच वर्तमानपत्रं उघडली. "गाण्याचा पगार, बोलण्याची रजा," असं त्यांचा म्होरक्या साल ब्रुनो म्हणायचा.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं. क्रान्त्झनी वस्तरा पुसून ठेवला, टॉवेल हातात घेतला आणि खुर्चीत बसले.

सालने छडी उचलली आणि तो थांबला.

पिशव्या वाजायच्या बंद झाल्या. ढोलकवाल्याने वर्तमानपत्र खाली केलं. क्रान्त्झ समोर बघत होते, प्रेक्षकांच्याही पलीकडे.

"वाक्य दे," व्हिटलॉक थेल्माच्या कानाशी पुटपुटला.

तिने संहिता मिटली.

"थेल्मा, तो अडलाय. वाक्य दे."

"अडलेले नाहीत," ती म्हणाली. "ते काम करतायत."

पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मागे एक बाई उठून उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग रांगांमागून रांगा. टाळी कुणी वाजवली नाही. आपण वाजवली तर काहीतरी मोडेल, असं प्रत्येकाला वाटलं असावं. सालची छडी वरच होती. त्याला सवयच तशी होती, शब्द आल्याशिवाय सूर नाही.

व्हिटलॉकने हळूच चष्मा काढला. "राहू दे," तो म्हणाला. "व्हायोलिनं नकोत. सोमवारीही नकोत. चाळीस वर्षांत असं बघितलं नाही मी."

म्हातारा जिंकला होता. थेल्माला त्यांना ते आत्ताच सांगावंसं वाटलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

टॉवेल त्यांच्या हातातून सरकत होता. तो गुडघ्यावरून घसरून जमिनीवर पडला. त्यांनी खाली पाहिलं नाही. पापणीही हलली नाही.

पडद्याची कळ तिच्या हाताशी होती. ती दाबायची राहिली. व्हिटलॉकने दंडाला धरलं, ते तिला जाणवलंही नाही. काळ्या झग्यातच ती भर उजेडात चालत गेली. नाटकात त्या वेळी कुणीही येत नसे. सालला वाटलं, शेवट नवा बसवलाय. त्याने छडी आणखी उंच केली.

ती खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडत चालला होता.

हजार माणसं उभी होती. वाद्यवृंद शब्दाची वाट पाहत होता.

"पप्पा," ती म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.