खादाड पाहुणा

एकच घड्याळ तिने कॉम्प्युटरच्या चार भाषांत लिहिलं होतं. पडद्यावर चारही शेजारी शेजारी चालत होती, दिसायला जुळी भावंडं, भूक मात्र ज्याची त्याची. एकाला घोटभर मेमरी पुरे, दुसऱ्याला घागरही अपुरी. कुठलं किती पितं ते मोजून आजच कळवायचं होतं. नवा प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहायचा, ते त्यावर ठरणार होतं.

पण आकडे एका जागी बसेनात. फोनवर टीमचा प्रमुख हसला. "अगं, तुझ्या कॉम्प्युटरवर कुणीतरी खादाड पाहुणा बसलाय. त्याला आधी घालव, मग मोज."

पाहुणा कोण, ते तिला ठाऊक होतं. पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉलची एक छोटी चौकट रोज दिवसभर उघडी असे. तिच्यात दूरच्या घरातले बाबा शिलाई मशीनवर वाकलेले. आई गेल्यापासून बापलेकीचं हे असंच चालत आलं होतं. बोलणं नसेच म्हणा ना. तिकडून मशीनची घरघर यायची, इकडून बोटांची टकटक जायची.

"बाबा, थोडा वेळ बंद करते हं. मोजायचंय."

"कर की. मी कुठे पळून चाललोय?" सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले.

चौकट मिटली. आकडे शहाण्या पोरांसारखे जागेवर बसले. खोली मात्र एकाएकी मोठी झाली. फ्रीजची गुणगुण ऐकू आली, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तीही. ती चहा करायला उठली आणि न करताच परत आली.

मोजून झाल्यावर आकडे प्रमुखाला पाठवून तिने बाबांना पुन्हा कॉल लावला. तिकडे तो आपोआप उचलला जाईल अशी सोय तिनेच करून ठेवली होती.

बाबा एकटेच, पडद्याकडे बघत बोलत होते. मशीन थांबलेली, हातात कुणाची तरी पँट. "...त्याला म्हटलं, पोट तू वाढवलंस, आता कापड मी कुठून वाढवू?" मग पडद्यावर ती दिसली, तसे ते ओशाळले.

"बाबा, बंद होतं ना मघापासून?"

"माहितेय गं." त्यांनी पँट उगाच झटकली. "चालू असलं की तुझ्या कामात खोडा नको, म्हणून गप्प असतो. आज बंद होतं, तर बोलून घेतलं."

फोनवर प्रमुखाचा निरोप उमटला: खात्रीसाठी आणखी एकदा मोज.

तिने एकेक करून चारही घड्याळं बंद केली. कोपऱ्यातली चौकट ओढून पडदाभर केली.

"मग? कापडाचं काय केलंत?"